जुने ब्रिटिश थरारपट आणि दूरचित्रवाणी मालिका पुन्हा पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चित्रपट आणि मालिका कधी काळी फिल्म सोसायटीत, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर किंवा इंग्लंडातल्या नातलगांच्या घरी पाहिलेले आणि आता सवडीने पुन्हा लावून बसलेले प्रेक्षक जे प्रश्न सतत पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. कोणत्याही उत्तरात गुन्हेगाराचे किंवा फितुराचे नाव उघड केलेले नाही. वाटेतला कथाभाग मात्र काही ठिकाणी अपरिहार्यपणे येतो.

१. बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाहायला बसायचे, तर सुरुवात कुठून करावी?

जे एकदा पाहिले आहे आणि अर्धवट आठवते, तेथून करावी. निवड करता येत नसेल, तर चित्रपटांत आल्फ्रेड हिचकॉक यांचे ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ (१९३५) आणि ‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८), त्यानंतर कॅरल रीड यांचा ‘द थर्ड मॅन’ (१९४९) असा क्रम ठेवावा. मालिकांत बीबीसीची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९) आणि ‘एज ऑफ डार्कनेस’ (१९८५) पुरेशा आहेत. ही यादी सर्वोत्कृष्टांची नाही. दुसऱ्यांदा पाहताना ज्यांत सर्वाधिक नवे सापडते, अशांची आहे.

२. शेवट आधीच माहीत असेल, तर थरारपटात उरते काय?

थरार उरतो, फक्त त्याची जागा बदलते. ‘कोणी केले’ हा प्रश्न मिटला, की ‘त्याने हे इतके दिवस निभावले कसे’ हा प्रश्न सुरू होतो आणि चांगल्या लेखकाने त्याचे उत्तर पहिल्याच दृश्यापासून पेरून ठेवलेले असते.

जॉन ल कारे यांच्या १९७४ मधील कादंबरीवरून आर्थर हॉपक्राफ्ट यांनी लिहिलेली आणि जॉन आयर्विन यांनी दिग्दर्शित केलेली ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ ही ब्रिटिश गुप्तहेर खात्यातील फितुराच्या शोधाची सात भागांची मालिका याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. तिच्या आरंभी एका साध्या बैठकीच्या खोलीत चार माणसे एकामागून एक येऊन बसतात. कोणी कागद लावतो, कोणी पाइप काढतो, कोणी चहाचा कप बशीने झाकून सांभाळत आणतो आणि बराच वेळ कोणीही बोलत नाही. प्रथम पाहणाऱ्याला हे नुसते पात्रपरिचयाचे दृश्य वाटते. फितूर कोण हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला मात्र त्या शांततेत कोण कोणाकडे पाहतो, कोण पाहायचे टाळतो आणि कोणाच्या चालीत बेफिकिरी जरा जास्तच आहे, हे दिसू लागते. ॲलेक गिनेस यांनी साकारलेला, फितुराचा शोध घेणारा जॉर्ज स्मायली दिल्लीच्या तुरुंगात सोव्हिएत हेर कार्ला याला भेटल्याची आठवण सांगतो, तो प्रसंगही असाच आहे. पॅट्रिक स्ट्युअर्ट यांचा कार्ला त्यात एक शब्दही उच्चारत नाही. स्मायलीच आपले मन उघडे करत जातो आणि स्वतःचा लायटर गमावून बसतो. पहिल्या वेळी आपण कार्लाकडे पाहत असतो, दुसऱ्या वेळी स्मायलीकडे.

‘द थर्टी-नाइन स्टेप्स’मध्ये पळून चाललेला नायक स्कॉटलंडमधील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी रात्रीपुरता थांबतो. पळापळीच्या ओघात तो एक मुक्काम म्हणून विसरला जातो, परंतु पुन्हा पाहताना पेगी ॲशक्रॉफ्ट यांनी उभी केलेली ती तरुण बायको, तिने शहराविषयी विचारलेले साधे प्रश्न, नवऱ्याला न विचारता तिने काढून दिलेला त्याचा कोट आणि त्यासाठी तिला पुढे भोगावे लागणारे, हे सारे मिळून त्या चित्रपटातील सर्वांत गंभीर गोष्ट ठरते. ‘द थर्ड मॅन’मध्येही पहिल्या खेपेला प्रेक्षक ऑर्सन वेल्स कधी येतात याची वाट पाहतो आणि ते यायला तासाहून अधिक वेळ लागतो. पुढच्या खेपेला तो तास ॲलिडा व्हाली यांचा असतो.

जे केवळ एका कलाटणीवर उभे आहे, ते दुसऱ्यांदा टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्रायन क्लेमेन्स यांच्या ‘थ्रिलर’ (१९७३–७६) या स्वतंत्र कथांच्या मालिकेतील बरेच भाग याच कारणाने एकदाच पाहण्याजोगे राहतात.

३. तेव्हा खुर्चीला खिळवून ठेवणारी मालिका आता इतकी संथ का वाटते?

काही अंशी ती संथ आहेच. त्या काळातील ब्रिटिश दूरचित्रवाणी नाटकाची मुळे रंगभूमीत होती. १९५० च्या दशकात नाटके थेट प्रक्षेपित होत. पुढे ध्वनिचित्रमुद्रण आले तरी स्टुडिओत दोन-तीन भिंतींचा सेट, अनेक कॅमेरे आणि लांबलचक प्रसंग सलग मुद्रित करण्याची पद्धत बराच काळ टिकली. त्यामुळे ‘द सँडबॅगर्स’ (१९७८–८०) या यॉर्कशायर टेलिव्हिजनच्या हेरकथेत बहुतेक वेळ माणसे कार्यालयात बसून एकमेकांना नकार देत असतात. मोहिमा परदेशात फसतात, पण थरार घडतो तो दोन टेबलांच्या मधोमध. माझ्या मते ही त्या मालिकेची उणीव नसून तिचे बळ आहे. वीस भागांनंतर तिचा शेवट लटकता राहतो; तिचे निर्माते-लेखक इयन मॅकिन्टॉश १९७९ मध्ये अलास्काजवळ विमानासह बेपत्ता झाले, हे ठाऊक असले म्हणजे त्या शेवटाची चिडचिड थोडी कमी होते.

दुसरे कारण आपल्या पाहण्यात आहे. या मालिका आठवड्याला एक भाग या हिशोबाने रचल्या होत्या. मधल्या सहा दिवसांत प्रेक्षकाने तर्क लढवावेत अशी अपेक्षा होती. सगळे भाग एका रात्रीत संपवले, तर तीच माहिती पात्रे पुन्हापुन्हा का सांगतात असे वाटू लागते. निदान एक दिवसाआड एक भाग पाहावा. याला अपवाद आहे: ‘एज ऑफ डार्कनेस’ बीबीसी टूवर नोव्हेंबर १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिचा बोलबाला इतका झाला, की डिसेंबरातच ती बीबीसी वनवर पुन्हा दाखवली गेली. तिचे सहा भाग थोड्या दिवसांतही पचतात, कारण ट्रॉय केनेडी मार्टिन यांच्या लेखनात मुलीच्या खुनाचा तपास करणाऱ्या बापाचे दुःख आणि अणुकचऱ्याचे राजकारण एकाच ओघात पुढे जाते.

४. मला पक्के आठवणारे दृश्य या प्रतीत नाही. माझी आठवण चुकते आहे का?

आठवणीवर ठपका ठेवण्याआधी प्रत तपासावी. ब्रिटिश थरारपटांच्या बाबतीत दोन प्रती वेगळ्या असणे ही नित्याची गोष्ट आहे, कारण अमेरिकेतील वितरक आपल्या सोयीने कातर चालवत.

‘द थर्ड मॅन’च्या ब्रिटिश प्रतीत आरंभीचे निवेदन स्वतः कॅरल रीड यांच्या आवाजात आहे आणि त्यात युद्धोत्तर व्हिएन्नाच्या काळ्या बाजाराचे वर्णन एखाद्या माहीतगार, किंचित बेरकी माणसाने करावे तसे येते. अमेरिकन प्रतीत ते निवेदन जोसेफ कॉटन करतात आणि निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी सुमारे अकरा मिनिटे कापलेली आहेत. पहिल्या मिनिटातच आपल्याला कळते, की कोणती प्रत हाती आली आहे. ईलिंग स्टुडिओच्या ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) या गुंफलेल्या भयकथांच्या चित्रपटातून अमेरिकेत दोन कथा सरळ वगळल्या गेल्या, त्यामुळे चौकटीच्या कथेतील काही संदर्भ तेथील प्रेक्षकांना लागेनासेच झाले. ज्यूल्स डासिन यांच्या ‘नाइट अँड द सिटी’ (१९५०) च्या ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्यांचे संकलन तर वेगळे आहेच, पण संगीतकारही वेगळे आहेत: ब्रिटिश प्रतीला बेंजामिन फ्रँकेल, अमेरिकन प्रतीला फ्रांझ वॅक्समन. तोच पाठलाग वेगळ्या संगीतावर वेगळा चित्रपट वाटतो.

सर्वांत गुंतागुंतीची कथा ‘द विकर मॅन’ (१९७३) ची आहे. चित्रपट कापून सुमारे ८७ मिनिटांचा केला गेला आणि ‘डोन्ट लुक नाऊ’च्या जोडीला दुय्यम चित्रपट म्हणून लावला गेला. मूळ निगेटिव्ह पुढे हरवली. ती एका मोटारमार्गाच्या भरावात गाडली गेली अशी दंतकथा चित्रपटप्रेमी आवडीने सांगतात. लांब प्रतीत पोलीस अधिकारी बेटावर दोन रात्री काढतो, आखूड प्रतीत एकच. २०१३ मध्ये दिग्दर्शक रॉबिन हार्डी यांच्या संमतीने हार्वर्डच्या संग्रहात सापडलेल्या प्रतीवरून मधल्या लांबीची आवृत्ती तयार झाली. एखाद्याला दोन रात्री आठवत असतील आणि दुसऱ्याला एक, तर दोघेही बरोबर असू शकतात.

मालिकांनाही हे लागू आहे. ‘टिंकर टेलर’ ब्रिटनमध्ये सात भागांची, तर अमेरिकेत सहा भागांची होती; सहा भागांची प्रत हाती आली असेल, तर ती परत करून सात भागांची शोधावी. हिचकॉक यांचा ‘ब्लॅकमेल’ (१९२९) मूक आणि बोलपट अशा दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. बोलपटात नायिका ॲनी ओंड्रा यांच्या चेक उच्चारांमुळे कॅमेऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्या जोन बॅरी संवाद म्हणत होत्या, त्यामुळे ओठ आणि आवाज यांचा मेळ विचित्र वाटला तर तो प्रतीचा दोष समजू नये. मूक रूप, माझ्या मते, अधिक सफाईदार आहे.

५. दोन प्रतींत कापाकापी नसतानाही लांबी वेगळी का दाखवतात?

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, तर ब्रिटनसह भारतातही वापरल्या जाणाऱ्या पाल या दूरचित्रवाणी प्रणालीत तो जुन्या डीव्हीडीवर २५ चौकटींनी चालवला जाई. त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. ब्ल्यू-रे प्रती सामान्यतः मूळ वेगाने चालतात. ज्यांनी एखादी डीव्हीडी अनेकदा पाहिली आहे, त्यांना ब्ल्यू-रेवर तेच पार्श्वसंगीत ‘उतरलेले’ वाटते. प्रत्यक्षात ते जागेवर आलेले असते. ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी २५ चौकटींनीच चित्रित झालेल्या मालिकांना हा प्रश्न येत नाही. कापाकापीमुळे पडणाऱ्या फरकासाठी प्रश्न ४ पाहावा.

६. एकाच भागात घरातील दृश्ये व्हिडिओसारखी गुळगुळीत आणि बाहेरची दाणेदार, सिनेमासारखी का दिसतात?

कारण ती तशीच चित्रित झाली आहेत. स्टुडिओतील प्रसंग इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी व्हिडिओ टेपवर आणि बाहेरचे प्रसंग १६ मिमी फिल्मवर घेण्याची पद्धत १९६० आणि ७० च्या दशकांत रूढ होती. व्हिडिओत सेकंदाला ५० क्षेत्रे (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) नोंदली जातात, फिल्मवर २५ चौकटी. त्यामुळे हालचालीचा पोतच बदलतो. पात्र दारातून बाहेर पडते आणि ऋतू पालटल्यासारखे चित्र बदलते. तेव्हाच्या ब्रिटिश प्रेक्षकाला याची इतकी सवय होती, की त्याचे लक्षही जात नसे.

काही निर्मात्यांनी ही सांधेजोड नाकारली. थेम्स टेलिव्हिजनच्या युस्टन फिल्म्सने ‘द स्वीनी’ (१९७५–७८) पूर्णपणे १६ मिमीवर लंडनच्या रस्त्यांवर चित्रित केली. तिच्यातील गोदामे, पडीक गोद्या आणि दारूचे गुत्ते आज त्या शहराचा दस्तऐवज झाले आहेत. ‘टिंकर टेलर’ही फिल्मवरच आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इंटरनेटवरील अनेक प्रतींत व्हिडिओची ५० क्षेत्रे निम्मी करून टाकलेली असतात, त्यामुळे स्टुडिओतील दृश्येही फिल्मसारखी अडखळत चालतात आणि मूळ फरक पुसला जातो. उलट आजच्या टीव्हीतील हालचाल मऊ करण्याची सोय चालू राहिली, तर फिल्मही व्हिडिओसारखी दिसू लागते. ती सोय बंद करावी.

७. चौकोनी चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. चित्र ताणून पडदा भरावा का?

भरू नये. ताणले तर माणसे जाड दिसतात आणि वरखाली कापले तर ‘द थर्ड मॅन’साठी ऑस्कर मिळवणारे छायालेखक रॉबर्ट क्रास्कर यांनी तिरक्या कॅमेऱ्याने साधलेला तोल निघून जातो. काही वाहिन्यांनी जुन्या ४:३ मालिका १६:९ मध्ये कापून विकल्या आहेत; अशा प्रतीत कपाळे छाटलेली दिसली, की ओळखावे.

८. १९७१ चा भाग कृष्णधवल कसा असू शकतो? कोणी रंग काढून टाकला का?

बीबीसी टूवर रंगीत प्रक्षेपण जुलै १९६७ मध्ये, तर बीबीसी वन आणि आयटीव्ही या खासगी वाहिनीवर नोव्हेंबर १९६९ मध्ये सुरू झाले. त्यानंतरचे कार्यक्रम सहसा रंगीत असतात. पण १९७० च्या अखेरीपासून १९७१ च्या आरंभापर्यंत आयटीव्हीच्या तंत्रज्ञांनी वेतनाच्या वादातून रंगीत उपकरणे वापरण्यास नकार दिला होता, त्यामुळे त्या काही महिन्यांत मुद्रित झालेले भाग कृष्णधवलच आहेत. तिसरी शक्यता अशी, की मूळ रंगीत टेप पुसली गेली आणि परदेशी विक्रीसाठी काढलेली कृष्णधवल फिल्म तेवढी उरली (प्रश्न ९). उलट दिशेने, ‘द ॲव्हेंजर्स’ अमेरिकी बाजारासाठी ब्रिटिश वाहिन्यांच्या आधीच रंगात चित्रित होऊ लागली होती. ज्या ब्रिटिश प्रेक्षकांनी डायना रिग यांना घरी करड्या रंगांत पाहिले, त्यांना आजची रंगीत प्रत कृत्रिम वाटते, पण ती मूळ आहे.

९. एक जुनी मालिका कुठेच मिळत नाही. ती खरोखर नष्ट झाली आहे का?

शक्यता मोठी आहे. दोन इंची व्हिडिओ टेप महाग होती, पुन्हा वापरता येत होती, आणि कलाकारांच्या संघटनांबरोबरच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. कृष्णधवल कार्यक्रमांना रंगीत युगात बाजार उरला नाही असेही मानले गेले. म्हणून बीबीसीने आणि अन्य कंपन्यांनी हजारो टेप पुसल्या. बीबीसीत जतनाचे धोरण ठरले ते १९७८ च्या सुमारास. ‘द ॲव्हेंजर्स’च्या पहिल्या हंगामातील २६ भागांपैकी जेमतेम तीन पूर्ण उरले आहेत. एडवर्ड वुडवर्ड यांच्या ‘कॅलन’चे सुरुवातीचे कित्येक कृष्णधवल भाग गेले. त्याहून आधीच्या काळात तर मुद्रणच होत नसे: नायजेल नील यांची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ (१९५३) सहा भागांत थेट प्रक्षेपित झाली आणि पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून केवळ पहिले दोन भाग नोंदले गेले. ऑर्वेल यांच्या कादंबरीवरील १९५४ चे गाजलेले ‘नाइन्टीन एटी-फोर’ कलाकारांनी डिसेंबरात दोनदा थेट सादर केले आणि आज आपण पाहतो तो दुसरा, गुरुवारचा प्रयोग आहे.

आशा संपूर्ण सोडू नये. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या १६ मिमी प्रती अजून निघतात. २०१३ मध्ये ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथामालिकेचे नऊ हरवलेले भाग नायजेरियातून परत मिळाल्याचे जाहीर झाले. या निष्काळजीपणाबद्दल ब्रिटिशांना हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही: पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर आपले बहुतेक मूकपट गेलेले होते.

अपूर्ण कृती पाहावी का, असेही विचारले जाते. ‘क्वाटरमास’चे दोन भाग अवश्य पाहावेत. त्यांत कॅमेरे अडखळतात, आणि तरी एका अंतराळयानातून तिघांऐवजी एकच माणूस परतल्यावर पसरणारी भीती आजही पोचते.

१०. जुने पैसे, टेलिफोनच्या खोक्यातील बटणे, फाशीच्या तारखा हे सारे कळत नाही. कथानक समजण्यासाठी ते लागते का?

बऱ्याचदा लागते, कारण थरारपटाची यंत्रणा अशा तपशिलांवरच चालते.

पैशांचे सर्वांत सोपे, निदान आपल्यासाठी. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स होत. ज्या घरात १९५७ पूर्वीच्या आणे-पैंचा हिशेब करणारे कोणी आहे, तेथे हे समजावून सांगावे लागत नाही. लाच किंवा खंडणी गिनीत मागितली, तर गिनी म्हणजे २१ शिलिंग. ते सभ्य लोकांच्या व्यवहाराचे चलन होते, म्हणून गुंडाने गिनी म्हणणे हा सूक्ष्म विनोद असतो.

सार्वजनिक टेलिफोनमध्ये नाणी टाकून क्रमांक लावावा लागे. पलीकडून कोणी बोलले की ‘ए’ बटण दाबल्यावरच आपला आवाज तिकडे जाई आणि उत्तर न मिळाल्यास ‘बी’ दाबून नाणी परत मिळत. म्हणून जुन्या चित्रपटात घाबरलेली स्त्री क्षणभर मुकी राहते ती अभिनयाची अतिशयोक्ती नसते.

फाशीचा मुद्दा याहून गंभीर आहे. शिक्षा सुनावल्यापासून अंमलबजावणीपर्यंत तीन रविवार जाऊ देण्याचा प्रघात होता, त्यामुळे चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की कथेला आपोआप घड्याळ लागे. जोसेफ लोझी यांच्या ‘टाइम विदाउट पिटी’ (१९५७) मध्ये मद्यपी बापाला मुलाचा जीव वाचवायला २४ तास उरलेले असतात. ग्रेट ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये तहकूब आणि १९६९ मध्ये कायमची रद्द झाली. त्यानंतरच्या थरारपटांत ते घड्याळ नाहीसे होते आणि लेखकांना दुसरी घाई शोधावी लागते. हा बदल ओळीने पाहताना स्पष्ट जाणवतो.

काही संदर्भ तर फक्त कानांना कळणारे होते. ‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४६) ही १९४४ मधील एका ग्रामीण रुग्णालयातील खुनाची गोष्ट आहे, जेव्हा दक्षिण इंग्लंडवर जर्मन उडते बाँब येत होते. त्यांच्या इंजिनाची घरघर ऐकू येई तोवर धोका नसे. ती थांबली की बाँब खाली येई. दोन वर्षांपूर्वी ते अनुभवलेला प्रेक्षक त्या चित्रपटातील शांततेला दचकत होता. तसेच सत्तेसाठी कट रचणाऱ्या नेत्याची मालिका ‘हाउस ऑफ कार्ड्स’ हिचा पहिला भाग १८ नोव्हेंबर १९९० रोजी, म्हणजे मार्गारेट थॅचर यांच्या नेतृत्वाला पक्षातूनच आव्हान मिळाले त्याच आठवड्यात दाखवला गेला. चार दिवसांनी थॅचर यांनी पायउतार होण्याचे जाहीर केले. इयन रिचर्डसन कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकाला कटात सामील करून घेतात, ते आज खोडकर वाटते. तेव्हा ते जवळजवळ बातम्यांसारखे होते.

११. उच्चार समजत नाहीत. सबटायटल्स लावणे गैर आहे का?

मुळीच नाही, न्यूकासलमध्ये घडणारा ‘गेट कार्टर’ (१९७१) किंवा ‘द स्वीनी’मधील लंडनची बोली अनेक इंग्रजांनाही जड जाते. फक्त ‘द थर्ड मॅन’मधील जर्मन संवादांचे भाषांतर दाखवणारी सोय बंद ठेवावी. नायकाला जर्मन येत नाही, म्हणून प्रेक्षकालाही कळू नये अशीच रचना आहे. भाषांतर आले की आपण त्याच्यापुढे जातो.

१२. भारतीयांचे किंवा कृष्णवर्णीयांचे चित्रण आता खटकते. असे चित्रपट पाहणे थांबवावे का?

थांबवण्यापेक्षा वेगळे करून पाहावे. हॅमर कंपनीचा ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ (१९५९) नावापुरता मुंबईचा आहे. चित्रीकरण इंग्लंडमधील ब्रे स्टुडिओत झाले, बऱ्याच भारतीय भूमिका रंग फासलेल्या युरोपीय नटांनी केल्या, आणि ज्या ठगांची गोष्ट आहे त्यांच्यावरील ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांची मोहीम प्रामुख्याने मध्य भारतातील होती. मराठी प्रेक्षकाने तो कुतूहलापलीकडे पाहण्याचे कारण मला दिसत नाही. ॲलेक गिनेस यांच्यासारख्या थोर नटानेही १९८४ मध्ये ‘अ पॅसेज टू इंडिया’त प्राध्यापक गोडबोले रंगवले, हे त्यांच्या स्मायलीचे कौतुक करतानाही विसरता येत नाही.

परंतु त्याच काळात बॅसिल डिअर्डन यांनी खुनाच्या तपासाचा साचा वापरून ‘सफायर’ (१९५९) मध्ये लंडनमधील वर्णद्वेष उघडा केला आणि ‘व्हिक्टिम’ (१९६१) मध्ये समलिंगी पुरुषांना लुबाडणाऱ्या खंडणीखोरांची गोष्ट सांगितली, जेव्हा इंग्लंडमध्ये असे संबंध गुन्हा होते; कायदा बदलला १९६७ मध्ये. डर्क बोगार्ड यांनी लोकप्रियता पणाला लावून ती भूमिका स्वीकारली. आज ‘सफायर’मधील काही संवाद अवघडलेले वाटतात, पण तो अवघडलेपणा त्या समाजाचा आहे. बर्मिंगहॅममध्ये घडणारी बीबीसीची ‘गँगस्टर्स’ (१९७५–७८) याच संदर्भात पाहण्याजोगी आहे: सईद जाफरी तेथे दयेचा विषय म्हणून येत नाहीत, तर पक्के मुरलेले गुन्हेगारी डोके म्हणून येतात, आणि स्थलांतरितांच्या चित्रणात ती वेगळीच मोकळीक होती.

१३. आधी कादंबरी वाचावी, की आधी चित्रपट पाहावा?

पुन्हा पाहणाऱ्याने मधल्या काळात कादंबरी वाचलेली असणे उत्तम. जॉन बकन यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ या १९१५ च्या कादंबरीत नायिका नाही आणि सर्व काही पाठ असणारा ‘मिस्टर मेमरी’ही नाही, दोन्ही हिचकॉक यांच्या चित्रपटाने घातलेली भर आहे. लेन डायटन यांच्या कादंबऱ्यांतील हेराला नाव नव्हते, ‘द इप्क्रेस फाइल’ (१९६५) ने त्याला हॅरी पामर केले. ‘द थर्ड मॅन’ची लघुकादंबरी ग्रॅहम ग्रीन यांनी पटकथेची तयारी म्हणून लिहिली आणि ती चित्रपटानंतर प्रसिद्ध झाली. शेवट कसा असावा यावर त्यांचा रीड यांच्याशी मतभेद होता; ग्रीन यांना तो सौम्य हवा होता आणि पुढे त्यांनीच रीड बरोबर होते असे लिहिले. ‘ब्रायटन रॉक’ (१९४७) चा शेवट मात्र कादंबरीच्या तुलनेत बोथट आहे, असे माझे मत आहे. रिचर्ड ॲटनबरो यांचा कोवळ्या वयाचा क्रूर गुंड तरीही विसरता येत नाही.

१४. नव्या आवृत्त्या पाहिल्या तर चालतील का?

पूरक म्हणून चालतील. मूळ मालिकेचे दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल यांनीच ‘एज ऑफ डार्कनेस’ २०१० मध्ये अमेरिकेत चित्रपट म्हणून पुन्हा केला. सहा भागांचे दोन तासांत काय होते, ते पाहण्यापुरता तो उपयोगी आहे. उलट एक इशारा: १९४४ चा हॉलिवूडचा ‘गॅसलाइट’ करताना एमजीएमने थोरोल्ड डिकिन्सन यांचा १९४० चा ब्रिटिश ‘गॅसलाइट’ बाजारातून नाहीसा करण्याचा प्रयत्न केला. तो वाचला आहे आणि अधिक थंड, अधिक भेदक आहे.

१५. ब्रिटनहून मागवलेली डिस्क भारतात चालेल का? इंटरनेटवर फुकट दिसते ते पाहणे कायदेशीर आहे का?

डीव्हीडीच्या विभागणीत ब्रिटन क्रमांक २ मध्ये आणि भारत ५ मध्ये, तर ब्ल्यू-रेत ब्रिटन ‘बी’ आणि भारत ‘सी’ विभागात येतो. वेष्टनावर सर्व विभागांसाठी असे लिहिले नसेल, तर सर्व विभाग चालवणारे यंत्र लागते. नेटवर्क या कंपनीने असंख्य जुन्या मालिका डिस्कवर आणल्या होत्या, परंतु ती २०२३ मध्ये बंद पडली, त्यामुळे तिच्या शिल्लक प्रतींच्या किमती चढल्या आहेत. हवे असलेले दिसले तर फार थांबू नये.

फुकट दिसणे आणि हक्क संपणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘द थर्ड मॅन’चा अमेरिकेतील हक्क नूतनीकरणाअभावी एकदा संपला होता आणि १९९६ पासून तो पुन्हा लागू झाला. मधल्या काळात निघालेल्या निकृष्ट प्रती अजून फिरतात, आणि त्या बहुधा प्रश्न ४ मधील कापलेल्या प्रती असतात.

१६. ‘द प्रिझनर’ कोणत्या क्रमाने पाहावी? प्रत्येक संचात क्रम वेगळा आहे.

एका गूढ गावात डांबलेल्या माणसाची, पॅट्रिक मॅकगुहन यांची ही सतरा भागांची मालिका (१९६७–६८) वेल्समधील पोर्टमेरियन या रंगीबेरंगी गावात चित्रित झाली. चित्रीकरणाचा क्रम वेगळा, ब्रिटनमधील प्रक्षेपणाचा वेगळा, आणि चाहत्यांनी संवादांतील दुव्यांवरून लावलेले क्रम आणखी वेगळे. नायक आपण या गावात नवे आहोत असे म्हणतो तो भाग प्रक्षेपणात उशिरा आला, हे वादाचे मुख्य कारण आहे. तीनच जागा निश्चित आहेत: ‘अरायव्हल’ पहिला, ‘वन्स अपॉन अ टाइम’ उपान्त्य आणि ‘फॉल आउट’ शेवटचा. पूर्वी प्रक्षेपणक्रमाने पाहिली असेल, तर या वेळी ‘डान्स ऑफ द डेड’, ‘चेकमेट’ आणि ‘फ्री फॉर ऑल’ हे तीन भाग ‘अरायव्हल’नंतर लगेच पाहावेत, नायकाची हळूहळू वाढत जाणारी सावधगिरी त्यामुळे सुसंगत दिसते. ‘फॉल आउट’चा अर्थ कोणत्याही क्रमाने लागत नाही, त्यासाठी क्रम बदलण्यात वेळ घालवू नये.